चाकाचे कुलूप आणि हरवलेली किल्ली

श्रावणातील एका पहाटे सांगलीच्या हळदीच्या पेठेतील एका व्यापारी कुटुंबाची गाडी पुण्याकडे निघाली. गाडीत थोरले बंधू, त्यांच्या पत्नी, धाकटे बंधू आणि आई होत्या. आईंच्या डाव्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुण्यात सकाळी साडेअकरा वाजता ठरली होती. गाडी चालवीत होते ते सोळा वर्षे त्या घराशी जोडलेले चालक. घरातील लहानथोर त्यांना काकाच म्हणत.

आष्टा, पेठ नाका, कराड मागे पडले. उंब्रजच्या अलीकडे रस्त्याचे काम चालू असल्यामुळे गाडी सेवारस्त्यावर घ्यावी लागली. पावसाच्या पाण्याखाली दडलेली काँक्रीटची कड पुढच्या डाव्या चाकाला लागली आणि टायरची बाजूची भिंत फाटली. ट्यूबलेस टायरच्या तळव्यात खिळा शिरला असता, तर रबराची वात भरून चाक न काढताही पंक्चर निघाले असते. बाजूची भिंत फाटली की तो उपाय चालत नाही. चाक काढून स्टेपनी लावणे एवढाच मार्ग उरतो.

काकांनी पाना लावला. चार नट सुटले. पाचव्यावर पाना बसेचना. तो नट षटकोनी नव्हता. बाहेरून गोल, गुळगुळीत, आणि तोंडावर फुलासारखी वळणावळणाची खाच. अण्णांनी, म्हणजे या बंधूंच्या वडिलांनी, दोन वर्षांपूर्वी गाडीला अलॉय व्हील बसवून घेतले, तेव्हा प्रत्येक चाकाला असा एक लॉक नट लावला होता. शेजारच्या गल्लीतील एक गाडी एका सकाळी चारही चाकांविना विटांवर उभी आढळली होती, तेव्हापासून अण्णांनी हा विषय मनावर घेतला होता. त्या नटाची किल्ली हत्यारांच्या पिशवीत असायची. आता ती तेथे नव्हती. अण्णांना जाऊन आठ महिने झाले होते.

गाडीतील कप्पे, गालिच्याखालची जागा, आसनांखालचा भाग, सारे धुंडाळून झाले. घड्याळात सात वाजून गेले होते. कराडच्या एका आडत्यांना दूरध्वनी गेला आणि अर्ध्या तासात त्यांची गाडी येऊन उभी राहिली. आई, थोरले बंधू आणि त्यांच्या पत्नी त्या गाडीत बसल्या. निघण्यापूर्वी थोरले बंधू काकांकडे वळले. “दिवाळीत टायर बदलले तेव्हा तुम्हीच होता ना तिथे? किल्ली टायरवाल्याकडेच राहिली असणार. सोळा वर्षांनी एवढेही सांगावे लागावे का?”

“दादा, किल्ली मी पिशवीत परत ठेवली होती,” एवढेच काका म्हणाले.

“मग ती गेली कुठे?” या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. आडत्यांचा चालक आणि रस्त्याच्या कडेची दोन माणसे ऐकत उभी होती. गाडी पुण्याकडे गेली. धाकटे बंधू आणि काका पावसात मागे राहिले.

कुलपाची रचना

चाकाचे हे कुलूप साधे असते. नेहमीच्या नटाला सहा कडा असतात आणि त्या मापाचा पाना बाजारात कोठेही मिळतो. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १९ मिलिमीटरचा, ह्युंदाईच्या गाड्यांना २१ मिलिमीटरचा पाना चालतो. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांच्या गाड्यांत नटाऐवजी बोल्ट असतो आणि त्याला १७ मिलिमीटरचा पाना लागतो. लॉक नटाला मात्र बाहेरून पाना धरू शकेल अशी कडच ठेवलेली नसते. त्याच्या तोंडावर विशिष्ट आकृतीची खाच असते आणि किल्लीच्या एका टोकाला त्याच आकृतीचा उंचवटा असतो. किल्लीचे दुसरे टोक षटकोनी असल्यामुळे त्यावर नेहमीचा पाना चालतो. चार चाकांना चार नट आणि चौघांना मिळून एक किल्ली, असा हा संच असतो.

या आकृत्या अनेक असतात आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. तो क्रमांक पुष्कळदा किल्लीवर कोरलेला असतो आणि संचासोबत आलेल्या कार्डावरही छापलेला असतो. मॅकगार्डसारखे उत्पादक त्या क्रमांकावरून नवी किल्ली पुरवितात. काही कंपन्यांच्या अधिकृत सेवाकेंद्रांत सर्व आकृत्यांच्या किल्ल्यांचा संच ठेवलेला असतो आणि त्यातील योग्य किल्ली लावून नट काढून दिला जातो. यासाठी गाडी आपलीच असल्याचा पुरावा मागितला जाऊ शकतो, म्हणून आरसी बुक जवळ असावे.

हेही जाणून असावे की, हे कुलूप चोराला कायमचे अडवीत नाही. ज्या युक्तीने कारागीर ते काढतो ती चोरालाही ठाऊक असू शकते. कुलपामुळे चोराला वेळ लागतो, आवाज होतो आणि म्हणून तो बहुधा दुसऱ्या गाडीकडे वळतो. कुलपाचा उपयोग एवढाच, पण रात्री रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी तो थोडका नव्हे.

घाईचा हात

जवळच्या पंक्चरच्या टपरीवरून एक तरुण आला. त्याने नटाच्या कडेवर छिन्नी धरली आणि हातोड्याचे घाव घालू लागला. तिसऱ्या घावाला छिन्नी निसटली आणि अलॉयच्या पृष्ठभागावर लांब ओरखडा उमटला. नट होता तेथेच होता. मग त्याने हवेच्या गनला सॉकेट लावून पाहिले. सॉकेट नटावर नुसते घरंगळले आणि खाचेच्या कडा बोथट झाल्या. धाकट्या बंधूंनी त्याला नमस्कार करून थांबविले आणि त्याच्या श्रमाचे पैसे देऊन परत पाठविले.

ही गन वेगाने ठोके देत नट फिरविते. टायरच्या दुकानात वेळ वाचावा म्हणून ती सर्रास वापरतात. साध्या नटाच्या बाबतीतही ती बेताने वापरावी लागते. लॉक नटाच्या किल्लीवर तर ती कधीच लावू नये. किल्लीचा उंचवटा बारीक असतो, ठोक्यांनी तो तुटतो आणि किल्ली हाती असूनही हरवल्यासारखी होते. टायर बदलताना मालकाने जवळ उभे राहून ‘लॉक नट हातानेच काढा आणि हातानेच बसवा’ असे स्पष्ट सांगावे. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

कारागिराचा क्रम

साडेआठच्या सुमारास उंब्रजहून एक वयस्कर मेकॅनिक मोटारसायकलवरून आले. त्यांनी हत्यार काढण्याआधी प्रश्न विचारले. किल्ली कोठे कोठे शोधली? हातमोज्यांचा कप्पा, स्टेपनीची खोबण, जॅकभोवतीचा फोम, डिकीचे बाजूचे खिसे, मधला हात ठेवण्याचा डबा पाहिला का? शेवटचे टायरचे किंवा अलाइनमेंटचे काम जेथे झाले त्या दुकानात विचारले का? किल्ली पुष्कळदा तेथील सॉकेटातच अडकून राहते आणि आठवड्याने सापडते. क्रमांकाचे कार्ड घरी आहे का? धाकट्या बंधूंनी सांगलीच्या टायरवाल्याला तेथूनच विचारले. त्याने आपले खण पाहून किल्ली नसल्याचे कळविले.

मग त्यांनी नट निरखला. काही लॉक नटांना बाहेरून एक सैल कडे असते. त्यावर कोणतेही सॉकेट ठोकून बसविले तरी कडे नुसते गरगर फिरते आणि आतला नट हलत नाही. तसे असल्यास आधी ते कडे कापून किंवा उचकटून दूर करावे लागते आणि ते काम रस्त्यावर करण्याजोगे नसते. या नटाला कडे नव्हते. “मग निघेल,” ते म्हणाले.

त्यांनी गाडी जॅकवरून खाली उतरविली. मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली. नट सैल करताना चाक जमिनीला टेकलेले असावे. जॅकवर उचललेल्या गाडीवर जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरू शकते आणि खाली माणूस असला तर त्याच्या जिवावर बेतते.

त्यानंतर त्यांनी जे केले ते पाहून धाकट्या बंधूंना नवल वाटले. सुटलेले चार नट त्यांनी पुन्हा बसवून आवळले. कारण सोपे आहे. चार नट काढले की चाकाचा सारा दाब एकट्या उरलेल्या नटावर येतो आणि तो अधिकच घट्ट धरून बसतो. चौघांनी भार वाटून घेतला की पाचवा थोडा मोकळा होतो. म्हणून लॉक नट आधी काढावा आणि बाकीचे मागाहून.

नटाच्या बुडाशी गंज सोडविणारे तेल सोडून त्यांनी पंधरा मिनिटे वाट पाहिली. तेवढ्यात नटाचा बाहेरचा व्यास मोजला आणि पेटीतून बारा कोनांचे एक जुने सॉकेट निवडले. ते नटाहून किंचित लहान होते. नटावर ते सरळ धरून हातोड्याने ठोकत बसविले. सॉकेटच्या आतील कडा नटाच्या अंगात रुतल्या. घाव मोजके आणि नेमके होते. उगाच ठोकत राहिल्यास चाकाच्या बेअरिंगला इजा पोहोचते, हे त्यांना ठाऊक होते. मग लांब दांडा लावून त्यांनी हिसका न देता, डाव्या दिशेने, एकसारखा जोर वाढवीत नेला. किरकिर असा आवाज आला आणि नट फिरला. काही लोकांची समजूत असते की गाडीच्या डाव्या बाजूचे नट उलट फिरतात. काही जुन्या अवजड वाहनांत तशी रचना असे. आजच्या मोटारींत दोन्ही बाजूंचे नट घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनेच सैल होतात.

सॉकेटमध्ये रुतलेला नट त्यांनी मागून पहार घालून ठोकून काढला. “याने सोडले नसते तर?” धाकट्या बंधूंनी विचारले. मेकॅनिकांनी पुढचे मार्ग क्रमाने सांगितले. या कामासाठी उलट आट्यांचे सॉकेट मिळते. त्याच्या आतील दाते पिळदार असतात आणि उलट फिरविताना ते नटात अधिकाधिक रुतत जातात. तेही हरले तर नटावर दुसरा नट वेल्डिंगने जोडून फिरवावा लागतो. अगदी अखेरीस ड्रिलने नट पोखरावा. हे शेवटचे दोन्ही उपाय कार्यशाळेतच करावेत. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढावी लागते, जवळ रबर असल्यामुळे आगीचे भय असते, आणि ड्रिल भरकटले तर आतला स्टड किंवा अलॉय नासतो. नट सैल व्हावा म्हणून अलॉयवर गॅसची ज्योत धरणे तर मुळीच योग्य नाही. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद अशा उष्णतेने घटते, ते डोळ्यांना दिसत नाही आणि पुढे भर वेगात ते चाक दगा देऊ शकते.

परत बसविताना

काढणे जमले म्हणजे काम संपले असे नव्हे. प्रवास सुखरूप होणे हे चाक परत कसे बसते यावर अवलंबून असते. लॉक नटाच्या जागी साधा नट लावताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट आट्यांची. मारुतीच्या बहुतेक गाड्यांच्या स्टडचे आटे १२ मिलिमीटर व्यासाचे आणि १.२५ मिलिमीटर अंतराचे असतात, तर ह्युंदाई आणि टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत व्यास तोच पण अंतर १.५ मिलिमीटर असते. हे दोन नट हातात घेतले तर सारखेच दिसतात. चुकीचा नट दोन फेरे बसतो, मग अडतो, आणि जोर केला तर स्टडचे आटे कापले जातात. म्हणून कोणताही नट आधी बोटांनीच शेवटपर्यंत फिरवून पाहावा. बोटांनी फिरत नसेल तर तो त्या गाडीचा नव्हे.

दुसरी गोष्ट बैठकीची. नटाचा चाकाला टेकणारा भाग कोठे शंकूसारखा उतरता, कोठे चेंडूसारखा गोलाकार, तर कोठे सपाट असतो. चाकातील भोकाची बैठक ज्या घाटाची असेल त्याच घाटाचा नट हवा. घाट चुकला तर नट वरून घट्ट भासतो, पण कडेवरच टेकलेला असतो आणि चालत्या गाडीत सैल होतो. बाहेरून बसविलेल्या अलॉयचा लॉक नट कंपनीच्या पोलादी स्टेपनीला चालेलच असेही नाही. म्हणून मूळ नट गाडीतच ठेवावेत. अण्णांनी ते ठेवले होते. प्रत्येक चाकातून निघालेला एकेक, असे चार मूळ नट हत्यारांच्या पिशवीत, तेलकट फडक्यात नीट गुंडाळलेले निघाले. ते पाहून काका हलकेच म्हणाले, “किल्ली यांच्याच शेजारी होती.”

तिसरी गोष्ट आवळण्याच्या जोराची. लहान मोटारींना साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पुष्कळांना पान्यावर उभे राहून नट आवळण्याची सवय असते. ७० किलो वजनाचा माणूस ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे २०५ न्यूटन-मीटर पीळ पडतो, म्हणजे गरजेच्या जवळपास दुप्पट. त्याने स्टड ताणला जातो आणि पुढच्या वेळी किल्ली तुटते. आटे पुसून कोरडे असावेत. तेल किंवा ग्रीस राहिले तर घर्षण कमी होऊन तेवढ्याच जोराने नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. नट समोरासमोरचे, चांदणी काढावी त्या क्रमाने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.

मेकॅनिकांनी हे सारे करून स्टेपनी लावली. स्टेपनीवर लिहिलेली वेगमर्यादा दाखविली आणि निघताना सांगितले, “बाकीच्या तीन चाकांना रस्त्यात हात लावू नका. घरी जा, अलॉय घेतल्याचे बिल शोधा. त्यालाच कार्ड जोडलेले असेल. क्रमांक मिळाला की किल्ली मिळेल. ठोकाठोकीची गरज पडणार नाही.”

तिजोरीतील डबी

पुण्यात आईंची शस्त्रक्रिया दुपारी पार पडली आणि तिसऱ्या दिवशी मंडळी सांगलीला परतली. काका मात्र त्याच संध्याकाळी गाडी दुकानासमोर लावून, गाडीची किल्ली गादीजवळच्या खुंटीवर अडकवून घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरच्या दिवशीही नाहीत. निरोप पाठविला तेव्हा ‘अंगात कसर आहे’ असे उत्तर आले.

चौथ्या दिवशी बिल शोधण्यासाठी थोरल्या बंधूंनी दुकानाची जुनी तिजोरी उघडली. ती अण्णांच्या हातची होती. पावत्या, मुदत ठेवींची कागदपत्रे, जुने करारनामे, सारे गठ्ठे बांधून ठेवलेले. तळाशी हळदीच्या नमुन्याची एक पत्र्याची डबी होती. तिच्यात अलॉयचे बिल, क्रमांकाचे कार्ड आणि कार्डावर दोऱ्याने बांधलेली किल्ली होती. सोबत चिठ्ठी. अण्णांचे वळणदार अक्षर: ‘गाडीच्या चाकांची किल्ली. टायर बदलून आल्यावर पिशवीतून काढून येथे ठेवली. एकच आहे, हरवू नये.’ खाली दिवाळीनंतरच्या आठवड्यातील तारीख होती. त्यानंतर पंधरा दिवसांत अण्णा अंथरुणाला खिळले आणि ही गोष्ट सांगायची राहून गेली.

थोरले बंधू बराच वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसले. अण्णांची चूक म्हणावी तर त्यांनी मोलाची वस्तू मोलाच्या जागी ठेवली होती, एवढेच. काका खोटे बोललेले नव्हते. किल्ली त्यांनी पिशवीत ठेवली होती, ती नंतर तेथून हलविली गेली होती. मध्ये उरला तो फक्त संशय, आणि तो उच्चारणारे थोरले बंधूच होते.

त्या दुपारी ते एकटेच काकांच्या घरी गेले. ओसरीवर बसून त्यांनी किल्ली आणि चिठ्ठी काकांच्या हाती दिली. काकांनी अक्षर ओळखले. “अण्णांचे आहे,” ते म्हणाले आणि चिठ्ठी घडी घालून परत केली. थोरले बंधू म्हणाले, “काका, चूक माझी झाली. आणि मी ती चार लोकांसमोर केली, म्हणून नुसते इथे सांगून भागणार नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मुनीम, हमाल आणि नोकरवर्ग जमला असताना त्यांनी सारी हकिगत सांगितली. कराडच्या आडत्यांनाही दूरध्वनी करून खरे काय ते कळविले. काकांनी खुंटीवरची किल्ली उचलली.

उरलेल्या तीन चाकांचे लॉक नट काकांनीच काढले. किल्ली नटावर नीट दाबून बसविली, पाना सरळ धरला आणि हळूहळू जोर दिला. दहा मिनिटांत काम झाले. ज्यासाठी रस्त्यावर दोन तास गेले होते आणि एका माणसाची सोळा वर्षांची प्रतिष्ठा पणाला लागली होती, ते एवढेसे काम होते.

घरोघरी करण्याजोगे

ज्या गाड्यांना अलॉय व्हील आहेत, त्यांच्या मालकांनी येत्या रविवारी पंधरा मिनिटे काढावीत. प्रत्येक चाकाचे नट पाहावेत. फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या गाड्यांत बोल्टांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात आणि कुलपाच्या बोल्टावरची टोपी निराळी असते. ती काढून पाहावी. किल्ली सापडते का, ती नटात पुरती बसते का, हे खरोखर लावून पाहावे. कार्डावरील क्रमांक दोन ठिकाणी लिहून ठेवावा, एक घरी आणि एक मोबाइलमध्ये. शक्य असेल तर त्याच क्रमांकाची दुसरी किल्ली आताच मागवावी. एक गाडीत, एक घरी. किल्ली केवळ घरी ठेवण्यात अर्थ नाही, कारण चाक घराच्या अंगणात क्वचितच फाटते. गाडी टायरवाल्याकडे किंवा सेवाकेंद्रात दिली की परत घेताना किल्ली मागून घ्यावी आणि डोळ्यांनी पाहावी. ज्यांची गाडी रोज बंदिस्त आवारात उभी राहते त्यांनी कुलूप काढून साधे नट लावले तरी चालते. सांगलीच्या त्या कुटुंबाने, रात्री दुकानापुढे रस्त्यावर गाडी उभी करावी लागते म्हणून, नवा संच घेतला आणि त्याच्या दोन किल्ल्या मागविल्या.

व्यापारी घरांत अशा किल्ल्या पुष्कळ असतात. गोदामाची, बँकेच्या लॉकरची, जुन्या कपाटाची, संगणकावरील खात्याची. त्या बहुधा एकाच कर्त्या माणसाच्या ध्यानात असतात. त्याची स्मरणशक्ती तल्लख असते म्हणून वर्षानुवर्षे काही अडत नाही आणि तो नसला की एका दिवसात सारे अडते. मग राहिलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. वस्तू हरवली की पहिला संशय सर्वांत दुबळ्या माणसावर जातो, हे मात्र प्रत्येक घराने स्वतःशी कबूल करावे.

त्या दुकानात आता चोपड्यांशेजारी एक पातळ वही असते. कोणती किल्ली कोठे आहे, ती कोणी कोणत्या तारखेला हलविली आणि आणखी कोणास ठाऊक आहे, असे तिचे तीन रकाने. पहिल्या पानावरची पहिली नोंद चाकांच्या किल्लीची आहे. ती थोरल्या बंधूंनी काकांना लिहावयास सांगितली आणि खाली दोघांच्या सह्या आहेत.